हे असंच हवं?

सकाळी साडेसातला निरोप आला तो बाईंच्याच नंबरवरून. तेवीस वर्षांत बाईंनी नऊच्या आधी मला कधी काही पाठवलं नव्हतं, त्यामुळे उघडण्याआधीच मनात चुकचुकलं. चार ओळींचा मजकूर होता. पहिल्याच ओळीत ‘दु:खद निधन’. आणि माझी नजर सगळ्यात आधी कुठे गेली म्हणाल, तर ‘दु’च्या पुढे विसर्ग नव्हता, अपूर्णविराम होता.

सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जुळे. एक अक्षराचा भाग, दुसरं नुसतं विरामचिन्ह. वाचणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. संगणकाचं अडतं. अपूर्णविराम घालून लिहिलेल्या मजकुरात ‘दुःख’ शोधायला गेलं तर ते सापडतच नाही. हे मला बाईंमुळेच कळलं. एका सातशे पानी चरित्राची सूची मी मशीनकडून काढून घेतली होती. सूचीचे कागद बाईंकडून परत आले तेव्हा ‘दुःख’ या नोंदीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘सातशे पानांत तीनदाच?’

तर निरोप वाचताना मनात आलं की बाईंच्या नजरेतून हे काही सुटणार नाही. तो निरोप कोणाबद्दल आहे, हे त्यानंतर आत उतरलं.

बाई मुद्रितशोधक होत्या. हा शब्द पुस्तकाच्या श्रेयनामावलीत येतो, तोही क्वचित. छापखान्यात आणि प्रकाशकांकडे ‘प्रुफं’ म्हणतात. प्रुफं बाईंकडे गेली का, प्रुफं बाईंकडून आली का. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘बाई प्रुफं’ या नावाने आहे. मी भाषांतरं करतो, दुसऱ्यांची पुस्तकं संपादित करतो. त्या ती तपासायच्या. तेवीस वर्षांत आम्ही समोरासमोर तीनदा भेटलो. एकदा छापखान्यात, एकदा त्यांच्या दारात गठ्ठा द्यायला, आणि एकदा एका पुस्तकाच्या प्रकाशनाला. तिथे त्या शेवटच्या रांगेत बसून भाषणं चालू असताना पुस्तकाचं मलपृष्ठ वाचत होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, ‘‘इथे ठीक आहे सगळं.’’ बाकी सगळा व्यवहार गठ्ठ्यांचा आणि फोनचा. फोन चार मिनिटांच्या वर गेल्याचं आठवत नाही.

त्यांच्या घरात कोण कोण होतं, त्या आजारी होत्या का, त्यांना गाणं आवडायचं का, मला काही माहीत नव्हतं. मात्र त्यांना शंका कशी येते हे माहीत होतं. कुठल्या शब्दापाशी त्यांची पेन्सिल अडेल हे मी लिहितानाच सांगू शकत असे, आणि तरी तो शब्द ठेवत असे, कारण बघू या काय म्हणतात. घरातल्या माणसांबद्दल तरी इतकं ठामपणे कुठे सांगता येतं?

अशा नात्याला मराठीत काय म्हणायचं, यावर निरोप आल्यापासून मी उगाच डोकं खपवतोय. ‘परिचित’ फार पातळ होतं. ‘सहकारी’ म्हणावं तर आम्ही एका छपराखाली कधी नव्हतो. ‘स्नेही’ म्हटलेलं बाईंना खपलं नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा सैल धाग्यांवर एक निबंध लिहिला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून तुम्हाला जागेची माहिती मिळाली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले शंभरात जेमतेम सतरा. उरलेले अधूनमधून भेटणारे, आणि त्यांतले जवळजवळ अठ्ठावीस तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असलेलंच ठाऊक असतं, नवी खबर लांबच्याकडून येते, असा त्याचा मुद्दा. माझं पहिलं मोठं भाषांतर मला बाईंमुळे मिळालं. एका प्रकाशकाला त्यांनी सांगितलं होतं, ‘‘ते घाई करतात, पण विचारलं तर ऐकतात.’’ हे मला त्या प्रकाशकाने सांगितलं, पाच-सहा वर्षांनी. बाईंनी कधीच नाही.

त्यांची सुरुवात खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणाऱ्या छापखान्यात झाली होती, ‘कॉपी होल्डर’ म्हणून. म्हणजे मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचायचं, आणि समोरच्याने ते ऐकत छापलेलं प्रूफ तपासायचं. नुसते शब्द वाचून भागत नाही, विरामचिन्हंही उच्चारायची. स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण पुरं, नवा परिच्छेद. ती सवय त्यांच्या बोलण्यात उरली होती. फोनवर एखादं वाक्य वाचून दाखवताना ‘‘तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू’’ असं एका सुरात चालायचं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे की बाई दमल्यात. खिळ्यांच्या दिवसांबद्दल फार नाही बोलायच्या. फक्त एकदा म्हणाल्या होत्या की, मात्रेचा खिळा वेगळा असायचा, छपाई चालू असताना तो उडायचा, आणि शंभराव्या प्रतीत ‘मेला’ असलेला माणूस पाचशेव्या प्रतीत ‘मला’ व्हायचा. प्रूफ बिनचूक असून पुस्तक चुकलेलं. ‘‘म्हणून छापून हातात येईपर्यंत बरोबर म्हणू नये.’’

त्यांची कामाची पद्धत मी त्या छापखान्यातल्या भेटीत पाहिली. लाकडी पट्टी ओळीखाली ठेवायची, म्हणजे खालची ओळ झाकली जाते. ओळ संपली की पट्टी खाली. ओठ हलत असतात, आवाज नसतो. आकडे असले की ओळ उलटी, शेवटाकडून वाचायची. मला ते तेव्हा जुन्या पिढीचं कर्मकांड वाटलं. पुढे कधीतरी वाचनाच्या शास्त्राबद्दल वाचताना कळलं की, पट्टीत अर्थ आहे. आपल्याला वाटतं की डोळा ओळीवरून घरंगळत जातो. तो खरं तर उड्या मारतो. एके ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो, मग पुढची उडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल झावाल या फ्रेंच नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आलं. सराईत वाचणारा कितीतरी छोट्या शब्दांवर टेकतही नाही; ते तिथे असणार हे गृहीत धरून पुढे जातो. प्रुफं वाचणाऱ्याला नेमकी हीच हुशारी विसरावी लागते. मी हे मोठ्या उत्साहाने बाईंना फोनवर सांगितलं. झावाल पुढे काचबिंदूने आंधळा झाला, आणि आंधळ्यांनी कसं जगावं यावरही त्याने पुस्तक लिहिलं, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘हं. त्या पुस्तकाची प्रुफं कोणी वाचली असतील?’’ चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

असाच एक संदेश मध्यंतरी फिरत होता. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही ढवळा, वाचता येतंच, असं केंब्रिज विद्यापीठाने शोधलंय म्हणून. मूळ काम नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या १९७६ च्या प्रबंधात आहे, केंब्रिजचं नाव मागाहून चिकटलं. मी तो संदेश बाईंना पाठवला. उत्तर आलं : ‘मराठीत करून पाहा.’ मी बसलो करायला. ‘विचारपूर्वक’ ढवळायचं म्हणजे वेलांटी कोणाबरोबर जाणार आणि रफार कोणाच्या डोक्यावर बसणार? अर्ध्या तासाने सोडून दिलं. परत उत्तर पाठवलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

बाईंबद्दल लिहायचं तर समासाबद्दल लिहायला हवं. त्या मजकूर कधी बदलत नसत. ऱ्हस्व-दीर्घ, गळलेलं अक्षर, दोनदा आलेला शब्द, इथे सरळ खूण. त्यापलीकडे काही खटकलं की, शब्दाखाली बारीक नागमोडी रेघ आणि समासात तीन शब्द : ‘हे असंच हवं?’ पेन्सिलीने. दुसऱ्याच्या मजकुरावर पेन चालवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा मी घाईत एका लेखकाच्या हस्तलिखितावर लाल पेनाने खुणा करून गठ्ठा त्यांच्याकडे पाठवला, तर काम झाल्यावर गठ्ठ्याबरोबर दोन पेन्सिली आल्या. चिठ्ठी नाही, काही नाही.

‘हे असंच हवं?’ मला सुरुवातीला टोमण्यासारखं वाटायचं. मग कळलं की तो खराच प्रश्न आहे. हवं असेल तर ‘हो’ म्हणायचं, बाईंची काही हरकत नसे. पण ‘हो’ म्हणायच्या आधी वाक्य पुन्हा वाचावं लागे, आणि दहांतल्या सात वेळा ‘हो’ म्हणवत नसे. बाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, मूळ पुस्तक त्यांच्यासमोर नसे, तरी भाषांतरात इंग्रजी कुठे पाझरतंय ते त्या बिनचूक दाखवत. ‘ती एक हुशार मुलगी होती’ या वाक्यातल्या ‘एक’ला गोल करून त्यांनी लिहिलं होतं : ‘दुसरी कुठे आहे?’ तेव्हापासून मी ‘एक’ लिहिताना दचकतो. या लेखातही मघापासून बरेच ‘एक’ येऊन गेलेत, ते मी दोनदा मोजले.

त्यांच्याशी माझं मोठं भांडण एकदाच झालं, आणि ते टिंबावरून. एका जुन्या प्रवासवर्णनाची नवी आवृत्ती काढायची होती. मूळ पुस्तक १९६२ च्या आधीचं. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले (१९७२ साली आणखी चारांची भर पडली), आणि त्यांत उच्चारात नसलेले, व्युत्पत्तीच्या आधाराने दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ असं लिहायचे. आजच्या वाचकाला ती टिंबं डोळ्यांत टोचतात. मी ठरवलं, सगळी उडवायची. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ म्हटलं की पाच मिनिटांचं काम. बाईंचं पत्र आलं. तेवीस वर्षांतलं त्यांचं एकमेव पत्र, फुलस्केपचं पाऊण पान.

त्यांचं म्हणणं असं होतं. ‘कांहीं’चं ‘काही’ खुशाल करा, तिथे दुसरा अर्थ नाही. पण ‘घरांत’चं काय? जुन्या लेखनात एका घरातही ‘घरांत’ आणि दहा घरांमध्येही ‘घरांत’. आजच्या नियमाने एकवचन ‘घरात’, अनेकवचन ‘घरांत’. सरसकट टिंब उडवलं तर लेखकाने पाहिलेली सगळी गावं एका गावात जाऊन बसतील. प्रत्येक ठिकाणी थांबून बघावं लागेल : एक की अनेक?

मी चिडलो. प्रकाशक मागे लागला होता. फोनवर म्हणालो, ‘‘बाई, इतकं कोण वाचतंय?’’ थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग, ‘‘मी वाचतेय की.’’ आणि फोन ठेवला. मग त्यांनीच ते सगळं काम केलं, गावात-गावांत, डोंगरात-डोंगरांत, हातात-हातांत, तीनशेहून अधिक जागा, एकेक वाक्य वाचून. तीन ठिकाणी संदर्भावरून काहीच ठरत नव्हतं. तिथे नागमोडी रेघ होती आणि समासात नेहमीचे तीन शब्द. लेखक जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती तीन वाक्यं घेऊन मी एक अख्खी दुपार बसलो होतो. तिन्ही ठिकाणी काय केलं, ते आता आठवत नाही. दुपार मात्र आठवते.

संगणक आल्यावर बाईंचं काम कमी होईल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलट. जुन्या फाँटांतली पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात, न्यायची लाट आली तेव्हाची गोष्ट. मराठीतला तो तिरप्या कोरीसारखा अर्धा ‘र’, ‘सुऱ्या’तला आणि ‘वाऱ्या’तला, आपल्याखेरीज फार थोड्या भाषांना लागतो. फाँट बदलणाऱ्या कितीतरी प्रणाल्या त्याला ओळखत नसत आणि सरळ रफार बनवून टाकत. एका गिर्यारोहकाचं पुस्तक असं बदलून आलं. त्यातल्या सगळ्या दऱ्यांचे दर्या झाले होते. माणूस डोंगर उतरतोय आणि खाली समुद्र. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली गप्प, कारण ‘दर्या’ हाही चांगला शब्द. मी ते पुस्तक वाचलं होतं. सराईतपणे, उड्या मारत. मला सगळीकडे दऱ्याच दिसल्या. बाईंनी एक्केचाळीस ठिकाणी खूण केली, आणि पहिल्या खुणेशेजारी लिहिलं, ‘पोहता येतं का यांना?’

(‘अॅ’ची कटकटही अशीच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण ‘ॲ’ या अक्षराला स्वतःची जागा २००८ साली मिळाली. तोवर ‘अ’वर चंद्र चिकटवायचा, आणि तो कधी बसायचा, कधी बाजूला पडायचा. बाईंनी एकदा समासात नुसतं एक मोठं ‘ॲ’ काढून पाठवलं होतं, नीट, सुलेखनासारखं. हवं तसं दिसतं ते असं, म्हणून.)

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

एका कार्यकर्त्याचं चरित्र होतं, मी संपादित केलेलं. पान १७४ वर वाक्य होतं : ‘त्यांनी शेवटपर्यंत माफी मागितली नाही.’ छापून आलं ते असं : ‘त्यांनी शेवटपर्यंत माफी मागितली.’ पुस्तक बाहेर पडल्यावर चौथ्या दिवशी कार्यकर्त्याच्या मुलाचा फोन आला. तो ओरडला असता तर परवडलं असतं. हळू आवाजात त्याने ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘‘हे तुम्हाला कुठून कळलं?’’

लंडनमध्ये १६३१ साली रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांनी छापलेल्या बायबलातून असाच एक नकार गळला होता. व्यभिचार करू नको, या आज्ञेतला ‘नको’च राहिला आणि देवाची आज्ञा उलटी झाली. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला, परवाना गेला. आमच्या धंद्यात ही गोष्ट हसून सांगतात. त्या आठवड्यात मला ती बिलकूल विनोदी वाटली नाही.

मी बाईंना फोन केला. शब्द जसेच्या तसे आठवतात. ‘‘बाई, तुमच्या नजरेतून हे सुटलंच कसं?’’

त्या म्हणाल्या, ‘‘कुठलं पान?’’ मी सांगितलं. म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे आता प्रूफ नाही.’’ नसणारच, तपासलेले सगळे गठ्ठे माझ्याकडे परत येत. मग जरा थांबून, ‘‘सुटलं असेल. वाईट झालं.’’ एवढंच. मी शुद्धिपत्राचा मजकूर तयार करून त्यांच्याकडे पाठवला, तर तासाभरात तो परत आला. मथळ्यात मी ‘शुद्धीपत्र’ लिहिलं होतं. समासात शब्द लागला की ‘शुद्धि’ ऱ्हस्व होतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. त्यांनी वेलांटी बदलली होती, बाकी काही लिहिलं नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी कपाट आवरताना त्या चरित्राचा शेवटचा गठ्ठा हाताला लागला. पान १७४ काढलं. ‘नाही’ जागेवर होतं. परिच्छेदाच्या शेवटी, खालच्या ओळीवर एकटं. पानाच्या तळाशी बाईंची बारीक बरोबरची खूण. मग सगळं आठवलं. पान एका ओळीने लांबत होतं. छापखान्यात ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा राहून मीच सांगितलं होतं, ‘‘हा परिच्छेद एक ओळ वर घे.’’ एका शब्दासाठी अख्खी ओळ वाया जात होती. त्याने काय केलं आणि मी पडद्यावर काय पाहिलं, कुणास ठाऊक. ‘बरोबर’ मी म्हणालो होतो. ते प्रूफ बाईंकडे परत गेलंच नाही, कारण उशीर झाला होता.

त्या दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, पुढचा गठ्ठा जाईल तेव्हा सांगू. पुढचा गठ्ठा गेला तेव्हा त्या तारखेबद्दल बोलल्या, मी तारखेबद्दल बोललो, चार मिनिटं झाली. असं तीन-चारदा झालं. मित्र असता तर कुठेतरी निवांत बसलो असतो, रात्र चढली असती, निघालं असतं तोंडातून. आमच्या नात्यात निवांत अशी जागाच नव्हती. कामाचं बोलायचं आणि ठेवायचं. आणि मग इतका काळ लोटला की, आता सांगितलं तर इतके दिवस का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. बाईंच्या वागण्यात फरक पडला नव्हता. त्याचाही मी सोयीचा अर्थ लावला. त्यांना माहीत असणार, मोठ्या मनाने सोडून दिलं असणार. बिनचूक माणसाला स्वतःची चूक नाही हे कळतंच, असं मी ठरवून टाकलं.

निरोप आल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. भेटायला जावं का, हेच कळत नव्हतं. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं. ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, ज्याचा आपल्याला हक्क आहे असं कुणालाच, आपल्यालाही, वाटत नाही, ते दुःख. सहकाऱ्याचं जाणं त्यात येतं. नाव असल्याने फार फरक पडतो असं नाही. दारात उभं राहून ‘मी कोण’ हे सांगावंच लागतं.

मी गेलो तेव्हा त्यांच्या भाच्याने दार उघडलं. निरोप त्यानेच पाठवला होता, फोनमधल्या सगळ्या नंबरांना. ‘‘मावशीचे कोण आपण?’’ मी म्हणालो, ‘‘कामातला. प्रुफं.’’ त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, ‘‘हां हां, घाई असते तेच ना तुम्ही?’’

बाईंच्या टेबलावर पट्टी होती. एका डब्यात पेन्सिली, टोकं वर. मी पाठवलेला शेवटचा गठ्ठा तिथेच होता, पान ११२ पर्यंत तपासलेला. भाचा म्हणाला, ‘‘हे तुमचं, घेऊन जा. आणि या वह्यांचं काय करायचं तेही सांगा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही.’’

जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या. प्रत्येक लेखकाचं, संपादकाचं एकेक पान. कोणाचं काय बघायचं, याच्या नोंदी. माझं पान सापडायला वेळ लागला नाही. सगळ्यात मळलेलं होतं. वर एवढंच : ‘घाई.’ खाली वेगवेगळ्या वर्षांच्या पेन्सिलींनी लिहिलेलं. ‘मात्र’ फार. ‘एक’ पाहणे. सनावळी स्वतः ताडत नाहीत, दोनदा पाहणे. लांब वाक्यात क्रियापद हरवते. रविवारी पाठवलेले जास्त नीट. विचारले तर राग नाही. मग त्या शेवटच्या वाक्याखाली, नंतर कधीतरी : ‘एकदा आला होता.’

मी ते पान बराच वेळ वाचत होतो. तेवीस वर्षांत कुणी मला इतकं लक्षपूर्वक वाचलं नाही. वाचलं असेल तर असं लिहून ठेवलेलं नाही.

वही उलटी करून मागून चाळली तर मागच्या बाजूने वेगळी यादी सुरू होत होती. मथळा : ‘माझ्याकडून सुटलेले’. पुस्तकाचं नाव, पान, ओळ, चूक. सगळ्या प्रकाशकांकडची, सगळ्या वर्षांची मिळून. मी मोजल्या, सत्तेचाळीस नोंदी. बहुतेक वेलांट्या आणि उकार, एखाददुसरं उलटं अवतरणचिन्ह. एकतिसावी नोंद त्या चरित्राची होती. पा. १७४. ‘नाही’ सुटले. आणि पुढे, इतर कुठल्याही नोंदीपुढे नव्हते असे दोन शब्द : ‘मोठी चूक.’

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. मी फोनवर म्हणालो म्हणून त्यांनी ते खरं मानलं होतं, वहीत उतरवून घेतलं होतं, आणि त्यानंतर अकरा वर्षं माझी प्रुफं वाचली होती.

भाचा समोर उभा होता. ‘‘काही चुकलंय का त्यात?’’ त्याने विचारलं.

मी म्हणालो, ‘‘एक नोंद चुकली आहे.’’

त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

‘‘पेन नको,’’ मी म्हणालो. ‘‘त्या डब्यातली पेन्सिल द्या.’’